मैनूची उभी गाडी

आमचा शेजारी मैनुद्दीन रोज सकाळी ट्रक चालू करायचा आणि कुठंच जायचा नाही.

लोक गाडी चालू करतात ती निघण्यासाठी. हा चालू करायचा, खाली उतरायचा, घरातून खुर्ची आणायचा आणि ट्रकच्या नाकासमोर बसायचा. मग मडगार्डवर चहाचा कप ठेवायचा. पिण्यासाठी नव्हे. म्हशीच्या दाट दुधाचा चहा, काठोकाठ भरलेला. इंजिन चालू, पेडलवर कुणाचा पाय नाही, आणि तरी त्या चहावर साय धरली तर गाडी नीट उभी आहे असं समजायचं. साय धरता धरता मोडली तर गाडीत खोट आहे. हे त्याचं मोजमाप. दुसऱ्या कुठल्या मिस्त्रीला विचारू नका, त्याला माहीत नसणार.

"पळणारी गाडी कुणाचीबी पळती, आक्का," तो मला म्हणायचा. "उभी ऱ्हाणारी दाखवा."

मी म्हणाले, "उभीच ठेवायची तर इंजिन काढून टाक. जन्मभर उभी ऱ्हाईल."

तो हसला नाही. एरवी फुटक्या मडक्यावरही हसणारा माणूस, पण गाडीच्या बाबतीत हसत नाही.

माझी पिठाची गिरणी त्याच्या अंगणाला लागून आहे. कळंबजवळच्या वाशीत, बाजारामागं आमची गल्ली. एका बाजूला माझी गिरणी घरघरायची, दुसऱ्या बाजूला त्याचा ट्रक. मधे राहणारी माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायला शिकली. आमच्या गल्लीतल्या पोरी दुसऱ्या गावात लग्न होऊन गेल्या की तिथले लोक विचारतात, तुमच्याकडं सगळे भांडतात का. भांडत नाही. ऐकू जात नाही.

मैनू साठीच्या आसपासचा. उंच, पण सदा बोनेटमधे डोकं घालून पाठीला तसाच बाक आलेला. शर्टाच्या खिशात लोक पेन लावतात, हा स्क्रूड्रायव्हर लावतो. त्याची बायको हलीमा गेली तेव्हा पोरगी, शमीम, शाळेत होती. मैनू भाकरी थापायला शिकला, वेणी घालायला शिकला. भाकरी बरी करायचा. वेणी मात्र वायर पिळल्यासारखी घालायचा. इतकी घट्ट, की पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. शाळेतल्या बाईंनी एकदा निरोप पाठवला, घरी काही झालंय का, मुलगी सारखी दचकल्यासारखी दिसते. मी जाऊन वेणी सैल केली. मैनूला ते पटलं नाही. "सैल ठिवलं की खडखडतंय," म्हणाला.

ट्रक त्याच्या बापाचा. पुढं लांब नाक, गोल दिवे, वळूसारखे खांदे. पेट्रोलवर चालणारा. बाप त्यातून आठवडी बाजारांना व्यापाऱ्यांचा माल न्यायचा. पुढं मैनूनंही तेच केलं. शेवटी मूळ इंजिन गेलं. शहाण्या माणसानं गाडी भंगारात घातली असती. मैनू सोलापूरच्या भंगारात गेला खरा, पण गाडी द्यायला नाही, इंजिन आणायला. कुणा पुढाऱ्याची आपटलेली मोठी गाडी तिथं पडली होती, तिचं इंजिन काढून त्यानं बापाच्या ट्रकात बसवलं. मी म्हणाले, "पुढाऱ्याचं हाय ना, मग नुसतं गुरगुरंल, काम करायचं न्हाय." माझं बोलणं खरं झालं.

जुन्या इंजिनाला कार्बोरेटर होता. त्यात कचरा अडकला की फुंकायचं, चिडलं की टोला द्यायचा, काम भागायचं. या नव्या इंजिनात तो नाही. पेट्रोल बारीक पिचकारीनं आत जातं, आणि किती जायचं ते एक काळी डबी ठरवते. डबीला टोला चालत नाही. पाय पेडलवरून काढला की इंजिनाला जगण्यापुरती हवा लागते. तेवढीच हवा सोडायला अंगठ्याएवढा एक व्हॉल्व्ह असतो. त्याला आयडलचा व्हॉल्व्ह म्हणतात. हवा जास्त झाली की उभी गाडी बोंबलते, कमी झाली की मान टाकते. मंद जाळावर दूध ठेवतो तसं ते काम. एवढा डोंगरासारखा ट्रक, आणि सगळं घोडं अडलं होतं त्या अंगठ्यापाशी.

तुम्ही म्हणाल, चालताना गाडी चांगली चालते ना, मग उभी राहो की पडो. इथं आमच्याकडची एक रीत सांगावी लागेल.

नवरी सासरी निघते तेव्हा गाडी दाराशी चालूच ठेवायची. नवरी बसायच्या आत ती बंद पडली तर नाट लागते, संसार टिकत नाही, असं म्हणतात. हिंदू असो, मुसलमान असो, बाकी शंभर गोष्टींत वेगळे असतील, या एका गोष्टीत सगळ्यांचं शास्त्र एक. मला विचाराल तर यात शास्त्र काही नाही. पूर्वी गाड्यांना हँडल मारावं लागायचं. एकदा चालू झालेली गाडी बंद करायची कुणाची छाती व्हायची नाही, कारण परत चालू होईलच याचा भरवसा नसायचा. वऱ्हाडानं नव्या कपड्यांत गाडी ढकलायची म्हणजे शोभा. ड्रायव्हरच्या भीतीचं पुढं शास्त्र झालं.

शमीमचा पहिला निकाह झाला तेव्हा ट्रकात जुनंच इंजिन होतं. शेवटच्या घटका मोजत होतं. पोरगी उंबऱ्यात आली आणि गाडीनं मान टाकली. चालू केली, परत टाकली. शेवटी नवरदेवाच्या चुलत्यांनी शेरवानीच्या बाह्या मागं सारून ढकलली. लोक हसले. वर्ष सरायच्या आत शमीम परत आली ती आलीच. मग कुणी हसलं नाही. गावात एकच बोलणं झालं: गाडी दारात मेली, तिथंच नाट लागली.

त्यानंतर मैनूनं इंजिन बदललं, आणि नव्या इंजिनानं तोच रोग दाखवला. आता शमीमचं दुसरं लग्न जमलं होतं. कळंबचा मुलगा, सायकलींचं दुकान, बायको वारलेली, बोलायला मऊ. रब्बीची रास झाली की निकाह. आणि मैनूनं गावभर सांगून ठेवलं होतं की शमीम याच ट्रकातून जाईल, आणि ट्रक दारात चालू उभा राहील. दिवस सरत चालले, आणि चहावर साय काही धरेना.

म्हणून तो व्हॉल्व्ह बदलत होता. जिथं म्हणून आपटलेली गाडी पडली आहे असं कळेल, तिथं हा एसटीनं जायचा आणि तिच्या इंजिनातला अंगठा काढून आणायचा. व्हॉल्व्हला नंबर असतात, पण हा त्यांना गावाच्या नावानं ओळखायचा.

"बार्शीवाला तापट हाय," तो सांगायचा. "बसवला की गाडी भांडायला उठती. लातूरवाला झोपाळू. येडशीजवळचा घावला होता, त्यो सकाळी गुणाचा आन दुपारी रुसायचा. हैदराबादचा एक हाय, पर त्याचे नखरे लई, त्याला तार येगळी लागती."

"अन तुझा सोताचा?" मी विचारलं. "इंजिनासंगं आलेला?"

"त्यो पहिल्याच दिवशी काढून टाकला. त्योच बिघडला असंल म्हणून तर हे सगळं."

शमीम दारात बसून शिलाई मारत असायची. बापासारखीच, मान वर न करता बोलणारी. मला म्हणाली, "आज्जी, माझ्या चहावर साय आली तर अब्बा म्हणत्यात थंड झाला, फेकून दे. गाडीच्या चहावर आली तर गल्ली गोळा करत्यात."

"फेकून दे म्हणालो न्हाय. गरम कर म्हणालो," मैनू बोनेटमधून बोलला.

"बघा. एवढा आवाज चालू हाय आन तेवढं बरोबर ऐकू जातंय."

श्रावणात गल्लीतल्या बायकांना रामलिंगला जायचं होतं. मैनू म्हणाला मी नेतो, लातूरवाला बसवलाय, शांत आहे. आम्ही ट्रकात सतरंज्या टाकून बसलो. जाताना गाडी झकास गेली, हे कबूल करते. दर्शन झालं, झाडाखाली डबे उघडले. तिथली माकडं तुम्हाला माहीत नसतील तर सांगते, ती हातातली पोळी नेत नाहीत, हातच नेतील की काय असं वाटतं. मैनूनं गाडी चालूच ठेवली होती, झोपाळू व्हॉल्व्हची परीक्षा म्हणून. आम्ही पहिला घास घेतला आणि लातूरवाल्याला जाग आली. उभी गाडी अशी काही बोंबलली की झाडावरचं एकूण एक माकड पलीकडच्या डोंगरात गेलं. मैनू धावत गाडीकडं गेला आणि किल्ली फिरवायला लागला, तेव्हा आम्ही सगळ्या बायका ओरडलो, "राहू दे, राहू दे! जेवण होऊ दे!" माझ्या उभ्या जन्मात रामलिंगला एवढं निवांत जेवण झालं नाही. प्रसादाचा दुकानदार मैनूला विचारत होता, रोज येता का म्हणून.

मैनू मात्र जेवला नाही.

मग कळंबची विहीण आली. सोबत तिची थोरली जाऊ. विहीणबाई चांगली होती, पण जावेचे डोळे सुईच्या टोकासारखे. मैनूनं दोघींना ट्रकासमोर खुर्च्या टाकल्या. इतका मान त्यानं ट्रकासमोर कुणाला दिला नव्हता. आधी गाडी चालू केली, मग हातात चहा दिला. म्हणाला, "तुमचा चहा हुईस्तवर गाडी हलायची न्हाय बघा, भाभी."

विहीणबाईनं बिचारीनं भरभर प्यायला सुरुवात केली. तिला समजलं होतं काय चाललंय ते. पण जाऊ बशीत ओतून, फुंकून, थांबून थांबून पीत होती. मी गिरणीच्या दारातून बघत होते. माझ्या मनात आलं, बाई, ढोस की आता. शमीमचा शिलाई मशिनीवरचा पाय थांबला होता. जावेच्या बशीत घोटभर चहा राहिला आणि गाडी खोकली, थरथरली, गेली. त्या शांततेत जावेनं शेवटचा घोट घेतला. तो सगळ्यांनी ऐकला.

विहीणबाई उठली. "भाईसाब, माझं काय न्हाय," म्हणाली. "मी असलं मानत न्हाय. पर आमच्या घरात बायका लई हायेत. लग्नादिवशी असं व्हायला नको. तुम्ही भाड्याची मोटार करा ना."

"गाडी उभी ऱ्हाईल, भाभी," मैनू म्हणाला.

त्या गेल्या तशी मी त्याच्या अंगणात गेले. तो लातूरवाला काढत होता. मला रागच आला होता.

"मैनू, यंत्रानं कुणाचं घर मोडत न्हाय," मी म्हणाले. "ही नाटीची गोष्ट गावात कुणी पसरवली, मला त्या बाईचं नाव कळू दे. तिच्या दळणात वाळू घालते."

तो स्क्रू फिरवत राहिला. "घाला," म्हणाला. "पर दळण मी आणत न्हाय, शमीम आणती. तिच्या भाकरीत उगीच खडे यायचे."

मला समजायला जरा वेळ लागला.

"तू?"

"म्याच."

त्यानं घराकडं बघितलं. शमीम आत भांडी घासत होती. तो आवाज खाली घेऊन बोलला. आमच्या गल्लीत कुणी आवाज खाली घेत नाही, म्हणून मला वाकून ऐकावं लागलं.

"पोरगी परत आली की लोक गप बसतेत का, आक्का? काय केलं असंल, कुठं कमी पडली, कुणासंगं बोलली. म्या त्या बोलण्याच्या आधीच पानपट्टीवर गेलो. चारचौघांत कपाळाला हात लावून बसलो. म्हणालो, माझ्या गाडीनं नाट लावली, म्या पोरीचं वाटोळं केलं. दोन दिवसांत गावभर झालं. लोकांना तोंडात चघळायला कायतरी लागतंय. गाडीला चघळू द्या की. गाडीला कुठं इज्जत असती? तिचं काय जातंय?"

"आन खरं काय झालतं?"

"ठाव न्हाय."

"बाप हायेस का कोण? इचारलं न्हाईस?"

"ती आली, पिशवी खाली ठिवली आन म्हणाली, अब्बा, भूक लागली. म्या भाकर दिली. ती पोटभर जेवली. लई दिवसांनी जेवल्यासारखी जेवली." त्यानं व्हॉल्व्ह फडक्यानं पुसला. "त्याच्या म्होरं काय इचारायचं होतं, तुमीच सांगा."



"मग आता भाड्याची गाडी कर ना," मी म्हणाले. "ह्यो हट्ट कशाला?"

"दुसरी गाडी आणली तर लोक म्हणतील, गाडी बदलली पर पोरगी तीच हाय. ह्याच गाडीनं त्याच दारात उभं ऱ्हायचं. समद्यांच्या देखत. मंग खोट गाडीत होती, ती निघाली. इषय मिटला."

मी गिरणीत परत आले. मला वाटायचं शेजारी बसलाय तो अर्धवट आहे. अर्धवट नव्हता. पूर्ण गावाला त्यानं एकट्यानं वेडं केलं होतं आणि सगळा वेडेपणा स्वतःच्या अंगावर घेतला होता. दुसऱ्या दिवशी एक बाई दळण टाकताना म्हणाली, "मैनूभाईची पोरगी दुसऱ्यांदा उजवायची म्हणं. पहिल्या खेपंला काय झालतं गं नेमकं?" मी म्हणाले, "गाडी लई वाईट होती ती. पोरगी सोन्यासारखी हाय." बाईनं मान हलवली. दळण घेऊन गेली, आणि हेही घेऊन गेली. तेव्हापासून माझ्या गिरणीत नाटीचं शास्त्र चालू झालं.

पण लग्न चार दिवसांवर आलं तरी गाडी काही सुधारेना. बार्शीवाला परत बसवून झाला, हैदराबादच्याला वेगळी तार जोडून झाली. त्यात एक नवीन ताप झाला. ट्रकाला मुंग्या लागल्या. रोज सकाळी खुर्चीपासून चाकापर्यंत काळी रांग. मैनू म्हणाला, चहाला येतात. त्यानं ट्रकाभोवती हळदीची रेघ ओढली. मुंग्या काही हटल्या नाहीत, पण बाजाराला येणारे लोक हळद बघून ट्रकाला हात जोडायला लागले. एका म्हातारीनं नारळ ठेवला. मैनूनं तिला सांगितलं, "आज्जी, ही देवाची न्हाय, माझी हाय." ती म्हणाली, "असू दे बाबा, चांगलं होईल."

त्या दिवशी दळणाला कुणी नव्हतं म्हणून मी दारात बसून त्या मुंग्यांकडंच बघत होते. चहाचा कप डाव्या मडगार्डवर. मुंग्या चढत होत्या उजव्या बाजूनं, आणि सरळ इंजिनात जात होत्या.

"मैनू," मी हाक मारली, "तुझ्या चहाला कोण इचारत न्हाय. मुंग्या इंजिनाला लागल्यात. पेट्रोलमधी साखर घालतोस का काय?"

तो उठला. रांगेच्या मागं मागं डोकं घेऊन गेला. रांग त्या व्हॉल्व्हपाशी जाऊन संपत होती. त्यानं स्क्रू काढले, व्हॉल्व्ह उचलला आणि तसाच उभा राहिला. मी जाऊन बघितलं. व्हॉल्व्ह जिथं बसतो तिथं खाली पॅकिंग लागतं, हवा फटीतून आत जाऊ नये म्हणून. मैनूनं ते पॅकिंग पुठ्ठ्याचं कापलेलं होतं. पुठ्ठा मऊ पडला होता, एका कडेला मुंग्यांनी कातरला होता, आणि त्याला खव्याचा वास येत होता.

"ह्यो पुठ्ठा कशाचा?" मी विचारलं.

"पेढ्याच्या खोक्याचा," तो म्हणाला.

आमच्या भागात खवा उदंड, पेढे उदंड, म्हणून खोकीही उदंड. हा ती सगळी जपून ठेवायचा. व्हॉल्व्ह बार्शीचा असो का लातूरचा, त्याच्याखाली पुठ्ठा पेढ्याचाच. आत तूप मुरलेलं. इंजिन तापलं की तूप पातळ व्हायचं, पुठ्ठा ढिला पडायचा आणि फटीतून हवा शिरायची. व्हॉल्व्ह बिचारे सगळे धडधाकट होते. उगीच इतक्या गावांची बदनामी केली.

"जाड पुठ्ठा हुता, आक्का," तो पडलेल्या तोंडानं म्हणाला. "इतका चांगला पुठ्ठा टाकून कसा द्यायचा?"

शमीम हसायला लागली ती थांबेना. मशिनीवर डोकं ठेवून हसत होती. परत आल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मैनूनंही बघितलं नव्हतं बहुतेक, कारण तो हातातला व्हॉल्व्ह विसरून तिच्याकडंच बघत राहिला. मग तोही हसला. गाडीच्या बाबतीत पहिल्यांदा.

त्यानं दुकानातून खरं पॅकिंग आणलं, आणि इंजिनासोबत आलेला, पहिल्या दिवशी काढून टाकलेला व्हॉल्व्ह शोधून बसवला. चहावर साय धरली. अशी धरली की काडीनं उचलून दाखवावी. त्यानं गल्ली गोळा केली. मी त्याला म्हणाले, "व्हॉल्व्ह पहिलाच बरा निघाला. जावई मात्र दुसराच बरा, हे ध्यानात ठेव."

निकाहच्या दिवशी दुपारी ट्रक दाराशी उभा होता. चहा वगैरे काही नाही, झेंडूच्या माळा होत्या. गाडी चालवायला गावातली पोरं तयार होती. मैनूनं कुणाला हात लावू दिला नाही. नवरीचा बाप गाडी चालवत नाही, लोक म्हणाले. हा म्हणाला, "आज चालवतो."

बायका रडत होत्या, पण कान सगळ्यांचे गाडीकडं. विहिणीची ती जाऊ तर पदर तोंडाला लावून रडत होती आणि डोळ्यानं बोनेट बघत होती. शमीम उंबऱ्यात आली. मुद्दाम सावकाश आली, असं मला वाटलं. एकेकीच्या गळ्यात पडली. माझ्याही पडली. गाडीनं हूं का चूं केलं नाही. मांजर चुलीपाशी बसून घुरघुरतं तशी घुरघुरत होती. पोरगी पुढं बापाशेजारी बसली, तिच्या पलीकडं नवरदेव. दार लागलं. मागं वऱ्हाड चढलं. जावेनं पदर खाली घेतला. तिला आता काही बघायचं उरलं नव्हतं.

बँडवाल्यांनी सुरुवात केली. सगळे बाजूला झाले. गाडी निघाली नाही.

मैनूचा हात गिअरवर होता. तो तसाच होता. समोरची वाट मोकळी होती. बँडवाल्यांनी एक गाणं संपवलं आणि दुसरं सुरू करावं का म्हणून इकडं बघितलं. मागून कुणीतरी ओरडलं, "मैनूभाई, हाला की आता!"

मैनूनं खिडकीतून मला हाक मारली.

"आक्का, जरा इकडं या. कान द्या. कायतरी आवाज येतोय."

मी मडगार्डपाशी गेले. वाकून कान लावला. अख्खा जन्म जात्याच्या आणि पट्ट्याच्या आवाजात गेलाय माझा. आतला एखादा बोल्ट सैल असता तरी मला कळलं असतं. काही नव्हतं. मान वर करून बघितलं तर शमीमनं बापाची बाही मुठीत धरली होती, आणि मैनू समोर बघत होता.

"येतोय का हो?" त्यानं विचारलं.

"येतोय," मी म्हणाले. "बारीक हाय. थांब जरा, नीट ऐकू दे."

मागं वऱ्हाडात गलका सुरू झाला. मी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, आणि बोनेटवर कान ठेवून ऐकत राहिले.